चार डॉलरची बचत

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही खर्च समोर आला, की तो टाळता येईल का, हाच प्रश्न त्याच्या मनात प्रथम येतो. माझ्या बाबतीत ही खोड दुहेरी आहे. बार्शीच्या बाजारपेठेत वडिलांचे धान्याचे दुकान होते. पोत्याची शिवण उसवताना सुतळी तोडायची नाही, ती अखंड ओढून काढायची, गुंडाळी करून खिळ्याला टांगायची आणि पुढच्या पोत्याला वापरायची, हा आमच्या घरचा पहिला पाठ. पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, अनेक गावे फिरून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. परंतु खिळ्यावरची ती सुतळीची गुंडाळी काही मनातून उतरली नाही.

काटकसर हा गुण आहे, याविषयी मला आजही शंका नाही. तथापि दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात याच गुणापोटी माझ्या हातून एक चूक घडली, आणि त्या चुकीहून मोठी दुसरी चूक मी त्यानंतरच्या एका रात्रीत केली. आपल्यापैकी अनेकांची मुले आज परदेशी आहेत. आपणही नातवंडांच्या ओढीने तिकडे जातो आणि रिकामे बसवत नाही म्हणून त्यांच्या घरातील लहानसहान कामे अंगावर घेतो. अशांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो येथे मांडतो.

मुलगी व जावई शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल या उपनगरात राहतात. त्या वर्षी आम्ही उभयतां डिसेंबरच्या अखेरीस तेथे पोहोचलो. शिकागोचा हिवाळा केवळ ऐकून समजण्याचा विषय नव्हे. ३० जानेवारी २०१९ रोजी तेथील पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. सोलापूर जिल्ह्यातला ४४ अंशांचा मे महिना सोसलेल्या माणसाला ७५ अंशांचा हा फरक कागदावर मांडता येतो, अंगाला मात्र तो पटत नाही.

मुलीची मोटार घरासमोर उघड्यावर उभी असे. रोज सकाळी लवकर बाहेर जाऊन ती चालू करायची, समोरच्या काचेवर साकळलेला बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचा आणि आत ऊब आली की मुलीला व आठ वर्षांच्या नातवाला हाक मारायची, हे काम मी आनंदाने पत्करले होते. निवृत्तीनंतर आपली कोणाला तरी दररोज ठरावीक वेळी गरज आहे, ही भावना फार सुखाची असते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागलेला दिसला. काच आणि तिच्यावर उडणारे कारंजे अशी त्याची खूण होती. काच धुण्याच्या टाकीतील द्रव संपत आल्याचा तो इशारा. त्या दिवशी हवा तेथील मानाने उबदार, म्हणजे चार-पाच अंशांची होती. छपरावरचा बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. दोन दिवसांपूर्वीच दुकानात मी त्या निळ्या द्रवाचे कॅन रांगेने मांडलेले पाहिले होते. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि किंमत चार डॉलरच्या घरात. माझ्या डोक्याने लगेच रुपये केले: सव्वातीनशेहून अधिक! आपल्याकडे या टाकीत आपण वर्षानुवर्षे घरातले पाणी ओततो. फार तर त्यात शांपूचे दोन थेंब. रंगीत पाण्याला सव्वातीनशे रुपये देण्याचे कारण मला दिसेना.

मी स्वयंपाकघरातील नळाचे तीन लिटर पाणी आणून टाकीत ओतले. वायपरचा दांडा तीन-चार वेळा ओढून पाहिला. फवारा छान उडाला, काच लख्ख झाली, पिवळा दिवा विझला. शून्य खर्चात काम झाले. कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे असेही मला वाटले नाही.

पुढे दोन दिवसांनी शनिवार आला. रात्री पारा उणे बारापर्यंत गेला होता, सकाळी उणे सात होते. नातवाला पोहण्याच्या वर्गाला सोडण्यासाठी मुलगी निघाली. मीही शेजारी बसलो. आंतरराज्य महामार्ग ८८ वरून आम्ही पूर्वेकडे चाललो होतो. ऊन स्वच्छ पडले होते आणि हिवाळ्यातला खाली झुकलेला सूर्य बरोबर समोर होता. रस्त्यावर आदल्या दिवशी मीठ टाकले होते, त्यामुळे बर्फ वितळून काळपट ओल झाली होती. शेजारून एक अवजड ट्रक पुढे गेला आणि त्याच्या चाकांनी उडविलेला तो खारा चिखल आमच्या काचेवर सपकन येऊन बसला.

मुलीने सवयीने दांडा ओढला. बॉनेटखालून दबका गुरगुराट झाला. पाण्याचा एक थेंब आला नाही. वायपर मात्र फिरले, आणि त्यांनी तो चिखल काचभर सारवला. क्षणात तो सुकला. समोरच्या उन्हात सगळी काच दुधाळ पांढरी झाली. तिने पुन्हा दांडा ओढला, पुन्हा ओढला.

"बाबा, मला काही दिसत नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज शांत होता, म्हणूनच मला अधिक भीती वाटली. मागच्या आसनावर गाणे गुणगुणणारा नातू गप्प झाला. तिने धोक्याचे दिवे लावले, आपल्या बाजूची काच खाली घेतली आणि त्या गोठविणाऱ्या वाऱ्यात डोके बाहेर काढून, वेग हळूहळू कमी करीत, गाडी उजवीकडच्या कडेच्या पट्टीवर आणली. "उजवीकडे कुणी नाही ना? नीट बघून सांगा," असे तिने मला दोनदा विचारले. सारे मिळून अर्धा-एक मिनिट लागले असेल. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदा दरोड्याची अफवा, दोनदा मोठी तपासणी असे प्रसंग मी पाहिले आहेत. पण एवढे लांब मिनिट कधी पाहिले नाही.

गाडी थांबल्यावर तिने कठड्यालगतच्या ढिगातून भुसभुशीत बर्फ हातमोज्यांत घेतला आणि काचेवर चोळला. मीही उतरून दुसऱ्या बाजूने चोळू लागलो. त्या बर्फाने मीठ निघाले आणि दिसण्यापुरती काच मोकळी झाली. पुढच्या पेट्रोल पंपावर बादलीत ठेवलेल्या पुसणीने आम्ही ती नीट धुतली.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडत गेला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पॉटचे आइस्क्रीम करीत असू. लाकडी पिंपात बर्फ भरून त्यावर खडेमीठ टाकायचे आणि दांडा फिरवायचा. मीठ पडले की बर्फ पाझरू लागे, आणि ते खारे पाणी नुसत्या बर्फाहूनही इतके गार होई, की आतल्या भांड्यातले दूध गोठून जाई. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली उतरतो, हे तत्त्व मी शाळेत शिकलो होतो. अमेरिकेतील रस्त्यांवरही तेच मीठ तेच काम करते. साधारण उणे नऊ अंशांपर्यंत साधे मीठ चांगले चालते, त्याखाली इतर क्षार मिसळावे लागतात. त्या सकाळी उणे सात अंशांत रस्त्यावरचे पाणी मिठामुळे पाणीच राहिले होते, आणि ते धुऊन काढण्यासाठी मी टाकीत भरलेले पाणी मात्र बर्फ झाले होते. ते निळे द्रव नुसते रंगीत पाणी नव्हते. त्यात मिथेनॉल असते, जे एकटे असता उणे ९७ अंशांपर्यंत गोठत नाही. सव्वातीनशे रुपये त्या रंगाचे नव्हते, त्या मिथेनॉलचे होते.

घरी आल्यावर मुलीने बॉनेट उघडून टाकीचे झाकण काढले. आत फिकट निळसर झाक असलेला बर्फाचा लगदा होता. ती क्षणभर पाहत राहिली आणि मग भडकली.

"बघा बाबा, हे पाणी आहे! गेल्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. बिलात लिहिलंय, सगळी द्रवं भरली म्हणून. पैसे घेतले आणि नळाचं पाणी ओतलं. पोरगा होता गाडीत!"

त्या गॅरेजच्या मालकाला मी पाहिले होते. पोलंडहून आलेले, माझ्याच वयाचे गृहस्थ. शिकागोत पोलिश लोकांची वस्ती मोठी आहे. मुलासह ते लहानसे गॅरेज चालवितात. त्यांनी भरलेले द्रव आठवडाभराच्या बर्फाने संपविले होते आणि पिवळा दिवा मी पाहिला होता. मुलीने तो पाहिलाच नव्हता. हे सारे मला त्या क्षणी ठाऊक होते. बोलण्यासाठी मी तोंडही उघडले. पण सौभाग्यवती दारात उभी होती, जावई कामानिमित्त टेक्सासला गेले होते ते फोनवर ऐकत होते, नातू माझ्याकडे पाहत होता. ज्याच्याकडून घरात पैशाचा आणि व्यवहाराचा सल्ला घेतला जातो, त्याने चार डॉलरसाठी नातवाचा जीव धोक्यात घातला, हे मला त्या सर्वांसमोर म्हणवेना.

मी म्हणालो, "घाई करू नकोस. सोमवारी बघू."

या वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते. तरीही ते संपूर्ण वाक्य खोटे होते.

मुलीने घाई केली. रात्री नातू झोपल्यावर, ग्राहक आपले बरे-वाईट अनुभव नोंदवितात तेथे तिने त्या गॅरेजविषयी चार ओळी लिहून टाकल्या. मला वाचूनही दाखविल्या. भाषा संयमित होती, पण अर्थ स्पष्ट होता: हे लोक पैसे घेऊन पाणी भरतात. मी मान हलविली.

त्या रात्री झोप आली नाही. बँकेत एक सस्पेन्स खाते असते. एखादी रक्कम कोणत्या खात्याची, हे लगेच कळले नाही तर ती तात्पुरती तेथे ठेवतात. मी कनिष्ठांना नेहमी सांगत असे, की सस्पेन्समधली नोंद ही उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखी असते. आज सोडविली तर ती चूक ठरते, आणि महिनाभर ठेवली तर तपासनीस तिला लबाडी म्हणतो. तेथे तर रक्कम कोणाच्या खात्याची, हे मला पुरते माहीत होते. ती माझ्या नावे टाकायची होती, आणि मी ती एका कष्टकरी दुकानदाराच्या नावे टाकू दिली होती. दुकानदाराची पत म्हणजे काय, हे बार्शीच्या पेठेत वाढलेल्याला कोणी शिकवावे लागत नाही. वडिलांच्या काट्याविषयी एखाद्याने असे चार शब्द चौकात बोलले असते, तर आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी मुलीला समोर बसविले आणि सांगितले, "पाणी मी ओतलं. गुरुवारी. त्या माणसाची काही चूक नाही."

ती बराच वेळ बोलली नाही. कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पाणी ओतलंत ते मी समजू शकते. इथं नवीन आहात. पण रात्री मी वाचून दाखवलं, तेव्हा का नाही बोललात?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. वर्षातून एकदा सर्वांची हात जोडून क्षमा मागण्याची आपली रीत आहे, आणि ती मी कधी चुकविली नाही. परंतु सर्व चुकांसाठी सर्वांची क्षमा मागणे सोपे असते. एका चुकीसाठी, एका माणसाची, तिचे नाव घेऊन, दुसऱ्याच दिवशी क्षमा मागणे किती जड जाते, ते मला त्या दिवशी कळले. तिने मोबाइल उचलला, त्या चार ओळी पुसल्या आणि उठून गेली. दुपारपर्यंत ती माझ्याशी कामापुरतेच बोलली.

गाडी दुरुस्त करणे ही आता माझी जबाबदारी होती. जावयांनी टेक्सासहून फोनवर एकेक पायरी सांगितली. त्यांच्या बोलण्यात कोठेही टोमणा नव्हता, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पहिली सूचना ही, की दांडा पुन्हा पुन्हा ओढायचा नाही. टाकीच्या तळाशी छोटा विजेचा पंप असतो. पुढची वाट बर्फाने बंद असताना तो चालवत राहिले, तर तापून जळतो किंवा त्याचा फ्यूज उडतो. दुसरी सूचना, काचेवर वा नॉझलवर उकळते पाणी ओतायचे नाही. गोठलेल्या काचेला एकाएकी उष्णता लागली, तर ती तडकते. तिसरी सर्वांत महत्त्वाची: इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळवायचा तर गाडी बाहेर मोकळ्यावर चालू ठेवायची. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालविले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपल्यासारखा संपतो.

त्याप्रमाणे गाडी बाहेर अर्धा तास चालविली, मग जावयांच्या गाडीची जागा रिकामी होती तेथे गॅरेजमध्ये आणून बंद केली. नातू विजेरी धरून मदतीला उभा राहिला. बॉनेटच्या कडेला वाटाण्याएवढी दोन काळी नॉझले असतात. टाकीपासून एक रबरी नळी वर येते, बॉनेटच्या अस्तराखाली प्लॅस्टिकच्या तीन तोंडांच्या जोडातून तिचे दोन फाटे होतात आणि एकेक फाटा एकेका नॉझलला जातो. या वाटेवर कोठेही बर्फाची गुठळी अडकली, की फवारा बंद. आम्ही कोमट पाण्यात पिळलेला कपडा नॉझलांवर ठेवला, मग केस वाळविण्याचा ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून नळीच्या मार्गाने हळूहळू फिरविला. टाकीतला लगदा पातळ होण्यास मात्र दोन तास लागले.

तेवढ्या वेळात नातवाने विचारले, "आजोबा, वायपर कोणी शोधला?"

योगायोगाने हे मला ठाऊक होते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन नावाच्या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फमिश्रित पावसात ट्रामचा चालक समोरचे काही दिसत नाही म्हणून काच उघडून, गारठत गाडी हाकत होता. ते पाहून त्यांनी आतून हाताने फिरविण्याचा रबरी पट्टीचा दांडा योजला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. एका कंपनीला तो देऊ केला, तर त्यात व्यापारी मोल दिसत नाही, असे उत्तर आले. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली. बाईंना त्यातून काही मिळाले नाही, आणि पुढे प्रत्येक मोटारीवर वायपर आला. हिशेबी माणसाला ही गोष्ट सांगताना नेहमी त्या बुडालेल्या उत्पन्नाची हळहळ वाटते. त्या दिवशी मात्र मला डोळ्यांपुढे तो ट्रामचालक दिसला. कारण एकशे वीस वर्षांनंतर माझ्या मुलीला त्याच्यासारखेच डोके बाहेर काढावे लागले होते, आणि तेही माझ्यामुळे.

बर्फ वितळल्यावर आम्ही हातपंपाने टाकीतील पाणी बादलीत उपसले. तेवढ्याने भागत नाही. नळीत उरलेले पाणी पुन्हा गोठते. म्हणून टाकीत उणे २० फॅरनहाइट, म्हणजे उणे २९ सेल्सिअसपर्यंत न गोठणारे द्रव भरले आणि काचेवर जुना पांढरा पंचा पसरून दांडा ओढला. प्रत्येक वेळी थोडा वेळ, मध्ये विश्रांती. प्रथम पंचा नुसता ओला झाला. मग हळूहळू निळसर, आणि शेवटी गडद निळा डाग पडला. "आलं, निळं आलं!" म्हणून नातू ओरडला. पण निळे आले ते उजव्याच नॉझलमधून. डावे कोरडे. त्याच्या भोकातून बारीक टाचणीही फिरवून पाहिली, उपयोग झाला नाही. तेवढ्यात बॉनेटच्या अस्तराखालून ठिबक दिसली. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. त्या फुगवट्याने तीन तोंडांच्या जोडाला बारीक चीर गेली होती.

सोमवारी मी मुलीला म्हणालो, "मला त्यांच्याकडे सोड." ती काही न बोलता घेऊन गेली.

त्या गृहस्थांचे इंग्रजी पोलिश वळणाचे, माझे बार्शीच्या वळणाचे. तरीही मला जे सांगायचे होते ते त्यांना कळले. हातातला पाना खाली न ठेवता त्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मी वाचलं होतं. मुलाने दाखवलं. रात्रभर आठवत बसलो, त्या दिवशी कोणता कॅन ओतला होता ते." माझ्याप्रमाणे त्यांनाही शनिवारी रात्री झोप लागली नव्हती. फरक एवढाच, की त्यांचा काही अपराध नव्हता.

मी पुन्हा क्षमा मागितली. त्यांनी मान डोलाविली आणि विचारले, "नळ्या रिकाम्या केल्या का?" मी हो म्हणालो. "बरं केलंत." एवढे बोलून त्यांनी बॉनेट उघडले, चिरलेला जोड काढून नवा बसविला. शेवटी टाकीत थोडी तूट होती ती भरायला नवा कॅन आणला. तो त्यांनी थेट ओतला नाही. आधी माझ्यासमोर धरला, त्यावरचा उणे वीसचा आकडा बोटाने दाखविला, सील माझ्या देखत तोडले आणि मग ओतला. मुलीलाही दाखविला. त्यांच्या मनात राग होता असे नाही. पण इतकी वर्षे ज्या माणसाने हे काम बोलता बोलता केले असेल, त्याला आता ते पुरावा ठेवून करावे लागत होते. त्या चार ओळी पुसल्या गेल्या होत्या, हे मात्र पुसले गेले नव्हते. त्यांनी बिल चोख लावले, एक डॉलर कमी नाही की जास्त नाही. ते बिल आजही माझ्या डायरीत आहे.

पुढच्या आठवड्यात पारा उणे १० फॅरनहाइट, म्हणजे उणे २३ सेल्सिअसवर गेला. नवे द्रव गोठले नाही. पण त्यातही एक गोष्ट शिकलो. मिथेनॉल पाण्यापेक्षा लवकर उडून जाते. गार काचेवर फवारा मारला तर ते उडते आणि मागे उरलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा गोठतो. म्हणून आधी आतल्या गरम हवेने काच तापू द्यायची, मग फवारा. नॉझलच्या तोंडाशीही असाच एखादा थेंब गोठून बसतो. त्याला बोटाची ऊब किंवा कोमट कपडा पुरतो.

जे कोणी हिवाळ्यात मुलांकडे जाणार असतील, त्यांना एवढेच सांगतो. टाकीत काय भरायचे ते कॅनवरील अंश वाचून ठरवा. आहे त्या द्रवात पाणी मिसळले तरी ते लवकर गोठते. टाचणी फक्त गोल भोकाच्या नॉझलला चालते; पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नॉझलला ती लावू नका, फवारा बिघडतो. ते निळे द्रव मुलांच्या हाती लागू देऊ नका. मिथेनॉल हे विष आहे. विषारी दारूने माणसे दगावतात, ती बहुधा याच्यामुळे. आणि एखादे काम परस्पर केलेच, तर संध्याकाळी जेवताना घरात सांगून टाका. मी गुरुवारी रात्री सहज बोललो असतो, तर मुलीने हसून दुसऱ्या दिवशी ते पाणी उपसले असते. शनिवार मग घडलाच नसता.

या प्रकरणाचा जमाखर्च मी मांडला होता. वाचले चार डॉलर. खर्च: द्रवाचे दोन कॅन, एक जोड, मजुरी. तेवढे आकडे लगेच जुळले. पुढच्या रकमा मात्र कोणत्या खात्यावर टाकाव्यात, हे मला अजून उमगलेले नाही.

काच खरवडण्याचे काम मी रोज करीतच होतो. पण मुलगी आता बसण्यापूर्वी स्वतः एकदा दांडा ओढून पाहत असे. मी पाहिले न पाहिल्यासारखे करी. तिचे बरोबर होते. परतीचे विमान मार्चमध्ये होते. निघण्यापूर्वी चार दिवस, सकाळी ती गाडीत बसली आणि फलकावर तो पिवळा दिवा पुन्हा लागला. तिने काच खाली घेतली.

"बाबा, दिवा लागलाय," ती म्हणाली. "कॅन गॅरेजमध्ये आहे. तुम्हीच भरा, मी बसलेय."

मी कॅन आणला. तिला दाखवायला तो वर धरणार होतो, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. मागे वळून नातवाचा पट्टा लावत होती. मी सील तोडले आणि टाकी काठोकाठ भरली.